अर्ध्या किलोचा रुबाब

मुंबई मॅरेथॉनच्या आदल्या संध्याकाळी दादर-डोंबिवलीकडच्या काही घरांत सत्तांतर होतं. वर्षभर भाताकडे संशयानं बघणारा, पोळ्या मोजून खाणारा, साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं तरी दचकणारा चाळिशीतला गृहस्थ त्या दिवशी ताट पुढे करून म्हणतो, "अजून भात वाढ. कार्ब लोडिंग आहे." वाढणारी आई असेल तर तिला शब्द कळत नाहीत, पण मागणी कळते, किती वर्षं ती हेच ऐकायला थांबलेली असते. वाढणारी बायको असेल तर तिला शब्दही कळतात, आणि उद्या दुपारी "पाय गेले गं" म्हणत सोफ्यावर कोण आडवं होणार आहे हेही कळतं.

या गृहस्थाला जे भरून घ्यायचं आहे त्याचं नाव ग्लायकोजेन. भात, पोळी, बटाटा, साबुदाणा, ताटात काहीही येवो, त्यातल्या पिष्टाचं पोटात शेवटी ग्लुकोज होतं. त्यातलं जे लगेच लागत नाही ते शरीर एकमेकांना जोडून ठेवून देतं, हजारो ग्लुकोजचा फांद्याफांद्यांचा एकेक कण करून. ही साठवण किती? यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून ३०० ते ४०० ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून अर्धा किलो. एवढ्याच सामानाची यादी घेऊन कोणी वाण्याकडे गेलं, तर तो नक्की विचारेल, "बस? अजून काही?"

चरबीचं तसं नाही. सडपातळ माणसाच्या अंगातही ती दहा किलोच्या आसपास निघते आणि तिच्या जोरावर माणूस कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. पण नुसतं जिवंत राहणं वेगळं. सुटलेली लोकल धावत पकडणं, कबड्डीत चढाई करून परत येणं, लिफ्ट बंद असताना पाहुण्यांसमोर धापा न टाकता चौथा मजला गाठणं, हा जो काही माणसाचा रुबाब आहे तो या अर्ध्या किलोवर चालतो. घाईच्या कामाला चरबी लवकर हात देत नाही. तिची ऊर्जा भरपूर, पण सुटते सावकाश, आणि प्राणवायू मिळाल्याशिवाय ती जागची हलत नाही.

रक्तात तर ही साखर त्याहून कमी. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. निरोगी माणसाच्या या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं चार-पाच ग्रॅम. एक चमचा! या एका चमच्यावर मेंदूचं पोट चालतं आणि मेंदूचा दिवसाचा खप आहे १२० ग्रॅमच्या घरात. वजनानं हा शरीराचा जेमतेम दोन टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण खर्चातला पाचवा हिस्सा एकटा उचलतो. तो फार विचार करतो म्हणून एवढं खातो, असं मानायचं कारण नाही. रात्री आठची मालिका बघतानाही त्याचा खुराक जवळपास तेवढाच असतो.

तेव्हा तो चमचा रिकामा होऊ न देणं हे यकृताचं काम. रात्री नऊला जेवून सकाळी सातला उठलेल्या माणसानं मधल्या वेळात घोरण्याशिवाय काही केलेलं नसतं, तरी तोवर त्याच्या यकृतातला बराचसा साठा खर्ची पडलेला असतो.

स्नायूंचा स्वभाव मात्र निराळा. यकृतातलं ग्लायकोजेन म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरची टाकी. कोणीही नळ सोडावा, पाणी येतं. स्नायूंतलं ग्लायकोजेन म्हणजे ज्याच्या त्याच्या न्हाणीघरातलं पिंप. मेंदू कोरडा पडून माणसाला घेरी येत असेल आणि मांडीचं पिंप काठोकाठ भरलेलं असेल, तरी मांडी एक तांब्या देत नाही. याला तिचा खडूसपणा म्हणणं अन्यायाचं होईल. ग्लुकोज पेशीत शिरलं की त्याला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवला जातो, आणि तो चिकटलेला असेपर्यंत त्याला पेशीबाहेर पडता येत नाही. हा तुकडा काढून ग्लुकोजला मोकळं करणारं विकर यकृताकडे आहे; स्नायूंकडे नाही. फार तर घाईघाईत अर्धवट वापरलेल्या ग्लुकोजचं लॅक्टेट स्नायू रक्तात सोडतात आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करून परत पाठवतं. प्रागहून अमेरिकेत गेलेल्या कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्यानं ही येरझार १९२९ साली मांडली. पुढे ग्लायकोजेनवरच्याच कामासाठी दोघांना १९४७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. नवराबायकोनं वर्षानुवर्षं एकाच विषयावर एकत्र बोलावं आणि त्यातून काही निष्पन्न व्हावं, हीसुद्धा नोंद घ्यावी अशीच गोष्ट.

एक शंका हुशार वाचकाला आलीच असेल. साखर आहे तशीच का ठेवत नाही शरीर? एवढी जोडाजोड कशाला? कारण सुट्टं ग्लुकोज पेशीत साठवलं तर ते आपल्याकडे पाणी ओढतं आणि पेशी फुगून फुटायची वेळ येते. हजारो ग्लुकोज जोडून एकच कण केला की पाणी ओढण्याची ही ताकद जवळजवळ संपते. कणाला फांद्या एवढ्यासाठी की मोडायची वेळ आली तर एकाच वेळी पुष्कळ टोकांपासून सुरुवात करता यावी. चोर मागे लागल्यावर एकेक ग्लुकोज रांगेनं सोडत बसायला सवड नसते.

हा सगळा प्रकार ज्यानं उजेडात आणला तो क्लोद बेर्नार मुळात नाटककार व्हायला निघाला होता. फ्रान्सच्या बोजोले भागात द्राक्षमळेवाल्या घरात १८१३ साली त्याचा जन्म झाला. ल्यों शहरात एका औषधविक्याकडे त्यानं उमेदवारी केली. तिथे 'थेरियाक' नावाचं सर्व रोगांवरचं एक औषध विकलं जाई. दुकानात जे खराब होईल ते मालक 'थेरियाकसाठी राहू दे' म्हणून बाजूला ठेवायला लावी. अशा वातावरणात माणूस विनोदी लेखनाकडे वळला नाही तरच नवल. बेर्नारनं एक हलकंफुलकं नाटुकलं लिहिलं, ते ल्योंमध्ये चाललं, आणि मग एका यशानं नवोदितांचं जे होतं ते त्याचं झालं. पाच अंकी ऐतिहासिक नाटक काखोटीला मारून १८३४ साली तो पॅरिसला गेला आणि सँ-मार्क जिरार्दां या नामांकित समीक्षकाला त्यानं ते दाखवलं. जिरार्दांनी सल्ला दिला की पोटापाण्यासाठी वैद्यकी शिकावी. समीक्षकाच्या एका शेऱ्यानं जगाचं इतकं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मराठी रंगभूमीच्या इतिहासातही चटकन सापडायचं नाही.

त्या काळी जाणकारांचा ठाम समज असा की साखर तयार करायची ती वनस्पतींनी आणि फस्त करायची ती प्राण्यांनी. बेर्नारनं कुत्र्यांना नुसतं मांस खाऊ घातलं आणि यकृतातून बाहेर पडणारं रक्त तपासलं. त्यात साखर! हे १८४८ सालचं. ती येते कुठून याचा उलगडा व्हायला १८५५ उजाडलं, आणि तोही चेंगटपणामुळे झाला. एका यकृतातली साखर लागोपाठ दोनदा मोजायची त्याची पद्धत होती. एके दिवशी वेळ नव्हता, म्हणून एक मोजणी उरकून दुसरी त्यानं उद्यावर ढकलली. दुसऱ्या दिवशी त्याच यकृतात साखर वाढलेली निघाली. मग त्यानं मुद्दाम ताजं यकृत काढून पाण्याच्या धारेनं चाळीस मिनिटं धुतलं, साखरेचा मागमूस राहिला नाही याची खात्री केली आणि तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी साखर पुन्हा हजर. जेवण नाही, रक्त नाही, मुळात कुत्राच नाही, तरी यकृत आपलं काम करतंच आहे! म्हणजे साखर आत कुठल्यातरी दुसऱ्या रूपात दडलेली होती. १८५७ साली त्यानं तो पदार्थ वेगळा काढून दाखवला. 'उद्या बघू' या मंत्रावर आपल्याकडची कित्येक कार्यालयं चालतात, पण त्यातून शरीरशास्त्रातला शोध लागल्याचं ऐकिवात नाही.

बेर्नारच्या घरचं चित्र इतकं सुरेख नव्हतं. संशोधनाच्या उमेदवारीच्या वर्षांत त्याला बायकोच्या हुंड्याचा मोठा आधार होता. पण बायकोला आणि मुलींना त्याच्या हातून होणारे कुत्र्यांचे हाल सहन होत नसत, आणि शेवटी संसार मोडला. या भांडणात आजचा वाचक कोणाची बाजू घेईल हे सांगायला नको. १८७८ साली तो गेला तेव्हा त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामात निघाली. हा मान मिळालेला तो पहिला फ्रेंच वैज्ञानिक. ते पाच अंकी नाटकही पुढे छापलं गेलं. जिरार्दांचं काही चुकलं होतं असं कोणी म्हटल्याचं दिसत नाही.

पुढची शंभर वर्षं एका अडचणीत गेली. जिवंत माणसाच्या स्नायूत ग्लायकोजेन किती आहे हे बघायचं कसं? स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम यानं १९६२ साली यासाठी एक जाड सुई वापरात आणली. ती मांडीत खुपसली की स्नायूचा बारीकसा तुकडा बाहेर येई. आता एवढ्या तयारीनिशी मांडी कोणाची घ्यायची? बर्गस्ट्रॉम आणि त्याचा सहकारी एरिक हल्टमन यांनी सरळ स्वतःच्याच घेतल्या. व्यायामाच्या एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघं बसले. प्रत्येकाचा एक पाय पायडलवर, दुसरा नुसता आराम करणारा. दमून पाय थांबेपर्यंत त्यांनी सायकल मारली, मग दोन्ही पायांत सुया टोचून घेतल्या. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं होतं; आराम करणाऱ्या पायाचं जिथल्या तिथे. एकाच माणसाचे दोन पाय, पण एकानं दुसऱ्याला चिमूटभरही दिलं नाही.

खरी मौज पुढेच आहे. त्यानंतर दोघांनी तीन दिवस पिष्टमय पदार्थांवर आडवा हात मारला. बसून राहिलेल्या पायात विशेष काही वाढलं नाही. राबलेला पाय मात्र नुसता भरून आला नाही, तर त्यानं दुसऱ्याच्या दुप्पट साठा केला. हा प्रयोग १९६६ साली 'नेचर'मध्ये छापून आला. पुढच्या वर्षी याच मंडळींनी सहकाऱ्यांसह आणखी एक हिशेब मांडला. तीच माणसं, तीच सायकल, तितकाच जोर. नुसतं मांस आणि चरबी खाऊन बसवलं तर तासाभरात हात टेकत. नेहमीच्या जेवणावर पावणेदोन-दोन तास जात, आणि पिष्टमय जेवणावर पावणेतीन तास. भाताच्या बाजूनं इतका खणखणीत पुरावा कोकणी माणसाच्याही हाती यापूर्वी आलेला नव्हता.

ही बातमी धावपटूंपर्यंत पोहोचल्याबरोबर त्यांनी तिचा छळ केला. हिशेब साधा होता: आधी रिकामं करायचं, मग भरायचं. शर्यतीच्या आठवडाभर आधी जीव जाईपर्यंत पळायचं, त्यापुढे तीन दिवस पाव-बटाटा-साखर बंद, फक्त मांस-अंडी-चीज. आणि शेवटचे तीन दिवस उलट टोक. मधल्या त्या तीन दिवसांत धावपटू इतका चिडचिडा होई की घरचे लोक त्याच्यापासून लांबून चालत. ब्रिटनच्या रॉन हिलनं हे सगळं यथासांग केलं आणि १९६९ साली अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत बेल्जियमच्या गास्तों रोलांट्सला शेवटी शेवटी गाठून मॅरेथॉन जिंकली. हिल हे प्रकरणच वेगळं होतं. कापडाच्या रसायनशास्त्रातला डॉक्टर असलेला हा गृहस्थ १९६४ पासून २०१७ पर्यंत एकही दिवस न चुकवता पळत होता. त्याचं पाहून जगभरच्या धावपटूंनी ते तीन दिवस सोसले. मग पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्या तीन दिवसांची मुळीच गरज नाही. पळणं कमी करून नुसतं भरपूर पिष्टमय खाल्लं तरी साठा तितकाच भरतो. ज्यांनी सोसलं होतं त्यांना ही बातमी कशी लागली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मराठी माणसाला मात्र यातलं काहीच नवीन नाही. त्यानं कार्ब लोडिंगचा शोध कधीच लावलेला आहे आणि त्याला उपास असं नाव दिलेलं आहे.

एकादशीचं ताट एकदा नीट बघावं. साबुदाण्याची खिचडी. तिच्या शेजारी बटाट्याचा कीस, म्हणजे खिचडीतल्या बटाट्याला सोबत. वरीचा भात, त्यावर शेंगदाण्याची आमटी. रताळ्याच्या गोड फोडी. मध्येच तोंडात टाकायला राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं. चार वाजता भूक लागू नये म्हणून बटाट्याचा चिवडा, आणि लागलीच तर साबुदाणा वडा. यात साबुदाण्याची कामगिरी थोर आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमहून जास्त पिष्ट असतं. प्रथिनं औषधालाही नाहीत. स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत जेवणाची यादी करायला डोंबिवलीची एखादी काकू बसली असती, तर तिनं यापेक्षा काही वेगळं सुचवलं नसतं. आदल्या रात्री हलकं खाऊन झोपल्यामुळे यकृत सकाळी अर्धंअधिक मोकळं, आणि दहाच्या सुमाराला त्याच्यावर हा मारा. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण टिंगल म्हणून वापरतात, पण स्वीडनमधल्या त्या राबलेल्या पायातही आकडा दुपटीचाच निघाला होता.

चोख उपास करणारेही आहेतच. हरितालिकेला पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या बायका आपल्याकडे आजही आहेत. अशा वेळी चोवीस तासांच्या आत-बाहेर यकृतातलं ग्लायकोजेन संपत येतं. मग यकृत प्रथिनांच्या तुकड्यांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवं ग्लुकोज बनवायला घेतं, आणि चरबीचं रूपांतर कीटोनमध्ये करून मेंदूची थोडीफार समजूत काढतं. म्हणजे ग्लायकोजेनच्या दृष्टीनं बघितलं तर खरा उपास दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आपल्याकडे तोवर बहुतेक उपास सुटलेले असतात.

जाता जाता एक गोष्ट. ग्लायकोजेन तयार स्वरूपात खायची हौस असेल तर कोकणातली कालवं बघावीत. कालवांच्या अंगात ग्लायकोजेन भरपूर असतं आणि ताज्या कालवांच्या गोडसर चवीत त्याचा वाटा असतो. अर्थात पोटात गेल्यावर त्याचंही ग्लुकोजच होतं, थेट कोठारात जमा होत नाही. शिवाय एकादशीला ती चालत नाहीत.

वारकऱ्याचं उदाहरण मात्र या सगळ्यांहून वरचढ. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, उन्हापावसात, दिवे घाटासह. मॅरेथॉनच्या जवळजवळ सहापट अंतर, आणि यात सत्तरीच्या माउल्यांना धावपटूंची ती 'भिंत' लागल्याचं, म्हणजे साठा संपून पाय एकदम गळाल्याचं, कोणी ऐकलेलं नाही. कारण वेग. तासाला चार-पाच किलोमीटर चालताना शरीर बराचसा खर्च चरबीतून भागवतं आणि ग्लायकोजेनला फारसा धक्का लावत नाही. त्यात वाटेत गावोगाव पंगती, चहा, केळी, लाडू. साठा रिकामा होण्याआधीच कोणीतरी आग्रह करून तो भरतो. पाय चालत असताना एवढ्या आग्रहानं खाऊ घालणारी यंत्रणा एकाही ऑलिंपिक चमूकडे नाही.

मॅरेथॉनवाल्याचं गणित इथेच फसतं. पळायला किलोमीटरमागे शरीराच्या दर किलोला साधारण एक कॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी जवळजवळ ३,००० कॅलरी हव्यात, आणि त्या अर्ध्या किलोत आहेत १,८०० ते २,०००. उरलेलं चरबीतून येईल, पण चरबी आपल्या वेगानं. सुरुवातीला जोशात इतरांना मागे टाकत सुटलेला गडी चरबीला संधीच देत नाही. म्हणून तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत रुबाब टिकतो आणि मग पायांत एकदम शिसं भरतं. मुंबईत तर परतीच्या वाटेवर, नेमक्या या सुमारास, पेडर रोडचा चढ येतो. गाडीत बसून जाताना तिथे चढ आहे हेही लक्षात येत नाही. त्या दिवशी तो कसारा घाट वाटतो. कडेला उभे असलेले लोक "कमॉन काका!" म्हणून ओरडतात. साठ्यात काही नसताना हे 'काका' जास्तच लागतं.

भिंतीमागे साखर आहे हे डॉक्टरांनी पहिल्यांदा बोस्टनला पाहिलं. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर सॅम्युअल लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा जे पार गळाठून आले होते त्यांची साखर फार खाली गेलेली निघाली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधी पिष्टमय खायला सांगितलं आणि वाटेत खायला चक्क गोळ्या दिल्या. धावपटू पुष्कळ चांगल्या अवस्थेत परतले. आज जेल नावानं मिळणारी ती महागडी चिकट पुडी म्हणजे याच गोळ्यांची नात.

नाहीतर काय होतं हे सायकलपटू ख्रिस फ्रूमला विचारावं. २०१३ च्या तूर द फ्रान्समध्ये अव्वल स्थानाची पिवळी जर्सी अंगावर घेऊन हा गडी आल्प द्युएजचा घाट चढत होता. तो घाट त्या दिवशी दोनदा चढायचा होता. दुसऱ्या खेपेला टोक जवळ आलं असताना त्यानं हात वर केला. टाकी कोरडी! शेवटच्या त्या किलोमीटरांत संघाच्या गाडीतून खायला घेणं नियमात बसत नव्हतं. तरी सोबती रिची पोर्ट गाडीपर्यंत गेला आणि साखरेच्या पुड्या घेऊन आला. फ्रूमनं त्या भर चढावर पिळून खाल्ल्या. दोघांना वीस-वीस सेकंदांची शिक्षा झाली आणि दंड झाला. फ्रूमनं ती तूर जिंकली, म्हणजे वीस सेकंदांना साखर स्वस्तच पडली. मधल्या सुट्टीआधी डबा खाल्ला म्हणून अंगठे धरून उभं राहिलेल्या कोणालाही हा सौदा पटेल.

यातही मेंदू किती मतलबी आहे हे बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं. तासाभराच्या जोरदार सायकलीत साठा संपतच नाही, म्हणून मध्ये साखर देऊन फायदा व्हायचं कारण नाही. ग्लुकोज थेट शिरेतून दिलं, काही फरक पडला नाही. मग सायकलस्वारांना पिष्टाचं बिनचवीचं पाणी तोंडात खळबळून थुंकून टाकायला लावलं. चूळ भरायची, गिळायचं काही नाही. तरी त्यांचा वेळ जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारला. पोटात एक दाणा गेला नाही, पण तोंडातल्या जाणिवेनं मेंदूला कळवलं की येतंय, माल येतोय, आणि मेंदूनं लगाम सैल सोडला. गावाकडून येणाऱ्या मनिऑर्डरच्या भरवशावर महिनाभर उधारी देणारे खाणावळवाले पूर्वी असत, त्यांच्याच गोत्राचा हा मेंदू.

या अर्ध्या किलोची सगळ्यात मोठी करामत मात्र शर्यतीत दिसत नाही. ती दिसते वजनकाट्यावर. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बाळगतं. म्हणजे भरलेला साठा पाण्यासकट पावणेदोन-दोन किलोंचा. आता कोणी पहिल्या तारखेपासून पोळी-भात बंद केलं की चार-पाच दिवसांत साठा उतरतो, पाणी सुटतं आणि काट्यावर दोन किलो कमी दिसतात. चरबी जवळपास जागच्या जागी असते. पण त्या दोन किलोंची बातमी व्हॉट्सॲपवर जाते, काट्याचा फोटो जातो, जुनी पँट कमरेला ढिली झाल्याचा पुरावा जातो. गटातले इतर लोक पत्ता विचारतात. आठव्या दिवशी मावसभावाच्या मुलाचं लग्न येतं. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, आणि "एवढीशी घे हो, साजूक तुपातली आहे." चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत साठा भरतो, पाणी परत येतं, काटा मूळपदावर. या वेळी फोटो जात नाही. कितीतरी आहारपद्धतींची कीर्ती या दोन किलो पाण्यावर उभी आहे, आणि दर जानेवारीला ती नव्यानं उभी राहते.

साठा भरलेलाच असताना आणखी खात राहिलं तर? कोठार फार मोठं होत नाही. शरीर आलेली साखरच आधी जाळायला घेतं, आणि चरबीला तेवढे दिवस सुट्टी मिळते. ती जागची हलत नाही.

सुट्टीवरून घोडे आठवले. युरोप-अमेरिकेत गाड्या ओढणाऱ्या जाडजूड घोड्यांना एक जुना विकार होता. नावच 'सोमवार सकाळचा आजार'. आठवडाभर घोडा राबायचा. रविवारी मालक देवळात, घोडा तबेल्यात, आणि समोर रोजच्याइतकाच दाणा. सोमवारी जुंपल्यावर थोड्याच वेळात त्याच्या मागच्या पायांचे स्नायू लाकडासारखे ताठ होत, दरदरून घाम फुटे, लघवी काळपट होई, आणि जनावर रस्त्यात उभं राही, ढकललं तरी न हलणारं. पुष्कळ घोड्यांत यामागे स्नायूंतली ग्लायकोजेनची बेसुमार साठवण होती. २००८ साली यातल्या एका प्रकाराचा जनुकातला बदल सापडला: ग्लायकोजेन बनवणारं विकर गरजेपेक्षा जास्त उत्साही. कमी चाऱ्यावर दिवसभर नांगर किंवा गाडा ओढणाऱ्या पूर्वजांना हा उत्साह उपयोगी पडला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. पोटभर दाणा आणि सुट्टी एकत्र आली तिथे तो अंगाशी आला.

पशुवैद्यांचा उपाय जुनाच आहे. सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करायचा आणि तरीही घोड्याला फिरवून आणायचं. रविवारी दुपारी मटण-भात खाऊन चार वाजेपर्यंत वामकुक्षी घेणाऱ्या आणि सोमवारी सकाळी आठ-बाराच्या लोकलसाठी अंग न हलणाऱ्या मराठी गृहस्थानं यातून लगेच दिलासा घेऊ नये. तो जनुकबदल घोड्यांतला आहे. रजेच्या अर्जात कारण म्हणून तो लिहिता येत नाही.